निर्लेखनापूर्वी बायोस तरी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीनंतर मराठवाड्यातील शाळा उघडल्या की संगणक कक्षांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण बूट डिव्हाइस (विंडोज जिथून सुरू होते ती डिस्क) सापडत नसल्याची इंग्रजी ओळ पडद्यावर येऊन सारे तिथेच थांबते. मग यंत्र ‘गेले’ म्हणून कोपऱ्यात ठेवले जाते किंवा हार्ड डिस्क फॉरमॅट करून नवी विंडोज टाकली जाते आणि निकालपत्रकांसह सारी नोंद पुसली जाते. हे दुसरे नुकसान मला अधिक गंभीर वाटते.

संगणकाच्या मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डवर) सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा, नाण्याएवढा सेल असतो. प्लग चालू असतो तोवर आतल्या घड्याळाला बाहेरची वीज मिळते. शाळेचा मेन स्विच सुट्टीभर बंद राहिला की सगळा भार त्या सेलवर येतो. तो संपला की तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि पुष्कळ जुन्या यंत्रांत बायोसच्या (यंत्र चालू होताच विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रणालीच्या) सेटिंग मूळ स्थितीवर येतात. विंडोज लेगसी या जुन्या बूट पद्धतीने टाकलेली असताना सेटिंग यूईएफआय या नव्या पद्धतीवर गेली, तर डिस्क धडधाकट असूनही यंत्र सुरू होत नाही. साटा मोड (यंत्राची डिस्कशी जोडणी चालवण्याची पद्धत) बदलला गेला, तर निळा पडदा येतो.

म्हणून आधी यंत्राला लावलेले पेन ड्राइव्ह काढावेत, चालू करताच डिलीट किंवा एफ २ दाबून बायोस उघडावा (कळ कंपनीनुसार बदलते) आणि तिथे डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. दिसत नसेल, तर केबल किंवा डिस्क तपासावी लागेल. दिसत असेल, तर बदल करण्यापूर्वी असलेल्या सेटिंगचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन बूट क्रम, बूट मोड आणि साटा मोड एकेक करून बदलून पाहावेत, आणि सेल नवा घालावा. नाहीतर पुढच्या सुट्टीत पुन्हा तेच. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असल्यास ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की हाती असल्याशिवाय यातले काहीही बदलू नये.

जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांना विनंती आहे की, संगणकाच्या निर्लेखन (नोंदीतून बाद करण्याच्या) प्रस्तावात ‘बायोसमध्ये डिस्क दिसते का, सेल बदलला का’ ही नोंद सक्तीची करावी आणि या तपासणीसाठी जवळच्या आयटीआयमधील कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) अभ्यासक्रमाच्या प्रशिक्षणार्थींची मदत घ्यावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
सेलू, जि. परभणी