शॉन एडवर्ड्स सरांना, पुढे जाणाऱ्या साखळीबद्दल

एडवर्ड्स सर,

स. न. वि. वि.

कबड्डीतून आलेल्या मुलांना रग्बीचा बचाव शिकवताना पहिली अडचण येते ती पायांची. चढाईवाला आत शिरला की मागे सरायचं, त्याला खोल येऊ द्यायचं आणि मग साखळीने घेरायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. रग्बीत मात्र मागे घेतलेलं प्रत्येक पाऊल म्हणजे समोरच्याला फुकट दिलेली जमीन. साखळी तीच ठेवून ती पुढे कशी न्यायची, हे तुमच्या बचावातून उमगलं. त्याचे हे आभार.

तुम्ही मूळचे रग्बी लीगचे, म्हणजे रग्बीच्या तेरा जणांच्या प्रकारातले. १९८३ मध्ये सतराव्या वाढदिवशी विगन क्लबशी करार, १९८८ ते १९९५ सलग आठ चॅलेंज कप, म्हणजे लीगचा बाद पद्धतीचा चषक. १९९० च्या अंतिम सामन्यात गालाचं हाड मोडूनही तुम्ही शेवटपर्यंत खेळलात. हा किस्सा मुलांना न सांगितलेलाच बरा. लीगमध्ये चेंडू हाती असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात. प्रत्येक टॅकलनंतर बचावाची रांग १० मीटर मागे धावते आणि पुन्हा एकदम पुढे येते. वर्षानुवर्षं हेच केलेला हाफबॅक, म्हणजे पास कुठे जाणार हे स्वतः ठरवणारा माणूस, २००१ मध्ये वॉस्प्स क्लबकडे युनियनच्या, म्हणजे पंधरा जणांच्या रग्बीच्या, बचावाला लागला. चोराच्या वाटा चोराला ठाऊक! २००८ मध्ये तुम्ही बचाव शिकवलेल्या वेल्सने सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेचे पाचही सामने जिंकले आणि त्यात फक्त दोन ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) होऊ दिले.

त्या रांगेची मांडणी शिकवायला सोपी आहे, टिकवायला अवघड. रकच्या, म्हणजे टॅकलनंतर जमिनीवरच्या चेंडूसाठी होणाऱ्या झुंबडीच्या, कडेला दोघांत हातभर अंतर, बाहेरच्या बाजूला दोन ते तीन मीटर. चेंडू रकमधून उचलला की आतला माणूस ‘वर!’ ओरडतो आणि सगळे पहिली चार-पाच पावलं पूर्ण वेगाने टाकतात. बाहेरचा गडी पाऊलभर पुढे, नजर आत. त्यामुळे लांबचा पास अडतो आणि चेंडूवाल्याला गर्दीतच वळावं लागतं.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. एखादा उत्साही गडी एकटाच सुटतो आणि त्याच्या शेजारी दार उघडतं. कबड्डीत साखळीचा हात सुटला की होतं तेच. किंवा सगळे वर येतात आणि डोक्यावरून लाथ बसते, चेंडू मागच्या मोकळ्या मैदानात. म्हणून विंगवाला, म्हणजे अगदी कडेचा गडी, वर गेला की फुलबॅकने, म्हणजे सगळ्यात मागच्या गड्याने, त्याच्या बाजूला सरकायचं, हे आधीच ठरलेलं हवं. सरावात चार जणांना रांगेत उभं करावं, चेंडू न देता पाच मीटर पळवून थांबवावं आणि प्रशिक्षकाने बाजूने पाहावं. समोरून रांग नेहमी सरळच दिसते. बाजूने पाहिलं की कोण अर्धं पाऊल मागे राहिलं ते लगेच कळतं, आणि बहुतेक वेळा तो दमलेला नसून चेंडूकडे बघत राहिलेला असतो.

टॅकलमध्येही कबड्डीची एक सवय मोडावी लागते. घोट्यावर झेप घेतली तर धावणाऱ्याचा गुडघा थेट डोक्यावर बसतो. त्याऐवजी पुढचं पाऊल त्याच्या पायांजवळ रोवायचं, खांदा मांडी ते कंबर यांच्या दरम्यान, गाल त्याच्या पार्श्वभागाला चिकटवून डोकं मागच्या बाजूला, हात आवळायचे आणि पाय चालू ठेवायचे. डोकं त्याच्या पुढ्यात गेलं तर टॅकल यशस्वी होऊनही मुलगा जखमी होतो. गडी पडला की त्याला सोडून आधी उठायचं, कारण जमिनीवर पडलेला माणूस रांगेत धरता येत नाही.

२०२२ मध्ये फ्रान्सनेही तुम्ही बचाव प्रशिक्षक असताना ग्रँड स्लॅम मिळवला, म्हणजे सिक्स नेशन्सचे सगळे सामने जिंकले. आम्ही मात्र अजून त्या पहिल्या चार पावलांवरच आहोत, आणि सराव संपला तरी कुणीतरी ‘वर!’ ओरडतच असतो.

आपले आभारी,
बचाव शिकवणारे काही जण