नव्या नियतकालिकासाठी परीक्षक हवेत

संपादक महोदय,

आमच्या सांगोला भागातील काही प्राध्यापक मिळून मराठीतून एक बहुविद्याशाखीय संशोधन नियतकालिक सुरू करत आहोत. वर्षाला दोन अंक निघतील. त्याची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावी, म्हणून हे पत्र.

'बहुविद्याशाखीय' म्हटले की अनेकजण नाक मुरडतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजले जाऊ लागले आणि या नावाखाली वाट्टेल ते छापले गेले. 'आज पेपर पाठवा, फी भरा, दोन दिवसांत प्रमाणपत्र' असे निरोप आजही व्हॉट्सॲपवर फिरतात. मुखपृष्ठावर आयएसएसएन ठळक छापलेला असतो, पण तो आठ अंकी क्रमांक नियतकालिकाची नुसती ओळख पटवतो. दर्जाशी त्याचा संबंध नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये ४,३०५ नियतकालिके आपल्या मान्यता-यादीतून वगळली. त्यानंतर आलेली आयोगाचीच 'केअर' ही दर्जेदार नियतकालिकांची यादीही २०२५ मध्ये बंद झाली. आता पारख ज्याची त्यालाच करायची आहे.

तरीही आम्ही हाच मार्ग धरला, कारण आमच्या भोवतीचे प्रश्न एका विषयात मावत नाहीत. डाळिंबावरचा तेल्याच घ्या. फळावर तेलकट काळे डाग पडतात, मग फळ तडकते आणि व्यापारी बागेकडे फिरकत नाही. रोग जिवाणूमुळे होतो, हे वनस्पतिशास्त्र सांगते. पावसाळी दमट हवेत तो झपाट्याने का पसरतो, हे हवामानाच्या अभ्यासकाला ठाऊक. पण त्या हंगामाचे पीककर्ज कसे फिटले, छाटणीला येणाऱ्या बायकांची मजुरी कुठे गेली, बाग उपटावी की ठेवावी हे घरात कोणी ठरवले, याची नोंद कुठल्या नियतकालिकात पाठवायची? शेती महाविद्यालयाचा माणूस म्हणतो, हे आमचे नाही. अर्थशास्त्राचा म्हणतो, यात रोगच फार आहे. असे लेख आम्हाला हवेत.

लेखकाकडून एक रुपयाही घेतला जाणार नाही. प्रत्येक लेख किमान दोन वेगवेगळ्या विषयांचे परीक्षक लेखकाचे नाव न पाहता वाचतील आणि नकार दिला तर कारणे लेखी कळवली जातील. संपादक मंडळातील कोणाचाही लेख पहिल्या दोन अंकांत येणार नाही, हेही आम्ही ठरवले आहे. यामुळे अंक बारीक निघाला तरी चालेल.

आमची खरी अडचण परीक्षकांची आहे. लेख पाठवणारे पुष्कळ भेटतात, पण दुसऱ्याचा लेख वेळ काढून, पेन्सिल हातात घेऊन वाचणारे फार थोडे. निवृत्त प्राध्यापक, कृषी संशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञ, ग्रामीण भागात काम करणारे डॉक्टर यांनी वर्षातून दोन लेख तपासायची तयारी दाखवावी, अशी कळकळीची विनंती आहे. परीक्षणासाठी एक महिना मिळेल.

आपला,
भूगोलाचा एक प्राध्यापक, सांगोला (जि. सोलापूर)