बंद झालेल्या प्रश्नाविषयी

कोथरूड, पुणे
दि. १८ ऑगस्ट २०२४

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेविषयीचा तुझा पहिलाच प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लोवर, म्हणजे प्रोग्रामर एकमेकांच्या शंका सोडवतात त्या संकेतस्थळावर, वीस मिनिटांत बंद झाला, त्यावर दोन डाऊनव्होट (नापसंतीची मते) पडले आणि तुला चारचौघांत वर्गाबाहेर उभे केल्यासारखे वाटले, हे तू सविस्तर लिहिले आहेस. पंचवीस वर्षे फळ्यासमोर उभे राहून इतरांच्या शंका सोडवणाऱ्या माणसाला ते लागणारच. मात्र तू पाठवलेला प्रश्न मी दोनदा वाचला, आणि स्पष्टच सांगतो, त्या वेळी मी तिथे असतो तर मीही तो बंद करण्याच्या बाजूनेच मत दिले असते.

आधी तुझा राग थोडा हलका करतो. प्रश्नावर डाऊनव्होट पडला की विचारणाऱ्याचे दोन पॉइंट, म्हणजे तिथली पत मोजणारे गुण, जातात हे खरे. पण नव्या सभासदाच्या खात्यावर मुळात एकच पॉइंट असतो आणि खाते त्याखाली कधी उतरत नाही, तेव्हा तुझे काहीच गेलेले नाही. बंद होणे म्हणजे पुसले जाणेही नव्हे. किमान ३,००० पॉइंट असलेल्या तिघांनी मत दिले (२०१९ पूर्वी पाच जण लागत) की त्या प्रश्नाला नवे उत्तर देता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रश्न दुरुस्त केला की तो पुन्हा उघडताही येतो. तू दुरुस्ती करायची सोडून खुलासा उत्तराच्या चौकटीत लिहिलास, आणि तो काढला गेल्यावर आणखी चिडलास. ती चौकट उत्तरासाठीच राखलेली असते. खुलासा करायचा तो मूळ प्रश्नात.

आता त्या प्रश्नाकडे वळतो. मराठीत सांगायचे तर शीर्षक होते, 'पायथॉनची मेमरी रिकामी कशी करावी, तातडीने मदत हवी'. खाली 'आदरणीय सर'पासून 'आपला ऋणी'पर्यंत साग्रसंगीत मायना, मध्ये मोबाईलवर काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो, आणि एका विद्यार्थ्याचे गुण दुसऱ्याच्या यादीत उतरतात ही खरी अडचण अगदी शेवटच्या ओळीत. फोटोतला कोड कोणाला उचलून आपल्या यंत्रावर चालवून पाहता येत नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे दोषाचे कारण तू मनाशी ठरवून टाकलेस आणि त्या तर्काविषयीच विचारलेस. प्रोग्रामर मंडळी याला 'एक्स-वाय प्रॉब्लेम' म्हणतात. पोट दुखते हे डॉक्टरांना सांगायचे सोडून 'ती पिवळी गोळी लिहून द्या' म्हणणारे पेशंट आपल्या दोघांच्याही घरी होऊन गेले आहेत.

काल रात्री मी तुझा साठ ओळींचा प्रोग्राम घेऊन बसलो आणि दोष दिसत राहील अशा बेताने एकेक ओळ काढत गेलो. आठ ओळी उरल्या. किमान पण चालवून पाहता येण्याजोगे उदाहरण द्या, असा आग्रह ही मंडळी का धरतात ते असे करून पाहिल्यावरच कळते, कारण निम्म्या वेळा प्रश्न पाठवण्याची गरजच उरत नाही. तुझ्या फंक्शनच्या (प्रोग्राममधल्या पुन्हापुन्हा वापरायच्या तुकड्याच्या) पहिल्याच ओळीत डीफॉल्ट मूल्य, म्हणजे वेगळे काही दिले नाही तर आपोआप धरले जाणारे मूल्य, म्हणून रिकामी यादी आहे. ती यादी फंक्शन वापरताना दर वेळी नव्याने बनत नाही. फंक्शनची व्याख्या वाचली जाते त्या क्षणी एकदाच बनते आणि पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याचे गुण त्याच यादीत जमा होत राहतात. मेमरीचा येथे काही संबंध नाही.

गंमत अशी की, हाच प्रश्न तू नीट विचारला असतास तरी तो बंदच झाला असता, कारण २००९ साली तो कोणीतरी विचारून ठेवला आहे. फरक इतकाच की 'डुप्लिकेट' असा शेरा मिळून त्याखाली जुन्या उत्तराचा दुवा आला असता आणि दोन मिनिटांत तुझे काम झाले असते. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेसमोरून आपण किती वेळा सायकली दामटल्या आहेत! तिथे १९१९ ते १९६६ महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले होते. शेकडो हस्तलिखिते ताडून जे श्लोक मुख्य संहितेतून वगळले, ते संपादकांनी फेकून दिले नाहीत. तळटिपांत आणि परिशिष्टांत नोंदवून ठेवले. डुप्लिकेट ठरलेला प्रश्नही तसाच मागे राहतो, आणि वेगळ्या शब्दांत तेच शोधत आलेल्या माणसाला मूळ उत्तरापर्यंत नेऊन सोडतो.

तुझा मायना कोणीतरी खोडला, तोही याच कारणाने. तू ते पत्र समजून लिहिलेस. ते लोक त्याकडे संदर्भग्रंथातली नोंद म्हणून पाहतात, आणि पाच वर्षांनी गूगलवरून येणाऱ्या अनोळखी वाचकाला तुझ्या ऋणाशी काही कर्तव्य नसते. आभार मानायचे तर उत्तरापुढची हिरवी खूण कर. उत्तर देणाऱ्याला पंधरा पॉइंट मिळतात आणि तुलाही दोन.

सगळा दोष तुझ्या पदरात टाकून मी मोकळा होतो आहे असे मात्र समजू नकोस. नवख्यांना तिथे परके वाटते, हे कंपनीने स्वतःच एप्रिल २०१८ मध्ये जाहीरपणे मान्य केले होते. मीसुद्धा एकदा एका विद्यार्थ्याला 'आधी पुस्तक उघडा' असे लिहिले होते. त्याने प्रश्नच काढून टाकला, आणि ते वाक्य आजही मला टोचते. प्रश्न बंद करायला कारणाचा शेरा पुरेसा असतो, वर टोमणा जोडायची गरज नसते. असा टोमणा दिसला तर भांडत बसू नकोस, तिथली शिस्त सांभाळणाऱ्या मॉडरेटरकडे तक्रारीची खूण कर. हे मॉडरेटर सभासदांनी मतदानाने निवडलेले असतात आणि त्यांना पगार नसतो.

यापुढे चॅटजीपीटीलाच विचारीन, असे तू लिहिले आहेस. खुशाल विचार. पण तिथले उत्तर उचलून स्टॅक ओव्हरफ्लोवर कोणाला देऊ नकोस. डिसेंबर २०२२ पासून त्याला बंदी आहे, कारण अशी उत्तरे दिसायला चोख असतात, त्यांतली पुष्कळ चुकीची निघतात आणि ती तपासणारी माणसे मोजकीच असतात. अशा उत्तरांवर कारवाई कशी करावी या वादातून जून २०२३ मध्ये अनेक मॉडरेटरांनी चक्क संप पुकारला होता. बिनपगारी माणसांचा संप मी तेव्हा प्रथमच पाहिला.

वहिनींना नमस्कार. गणपतीत येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये.

तुझा,
जुना खोलीमित्र

ता. क. रिकाम्या यादीच्या जागी डीफॉल्ट म्हणून 'नन' (None, म्हणजे 'काहीच नाही') ठेव आणि नवी यादी फंक्शनच्या आत बनव. तुझ्या हजेरीच्या फंक्शनमध्येही मला हाच प्रकार दिसला, तेवढा तपासून पाहा.