‘इथल्या हवेत तगणार नाही’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवामानबदलामुळे परकीय प्रजातींचे आक्रमण वाढत असल्याचा लेख आपल्या अंकात वाचला. माहिती चांगली आहे, पण वाचून समज असा होतो की पृथ्वी तापली आणि झाडे-किडे बोचकी बांधून परमुलखात निघाले. उकडायला लागले म्हणून कुठली गोगलगाय समुद्र ओलांडत नाही. तिला कोणीतरी नेलेले असते, पुष्कळदा पन्नास-शंभर वर्षांपूर्वी, आणि तेव्हा सगळ्यांना खात्री असते की इथल्या हवेत ही काही पसरायची नाही. वाढते तापमान ही खात्री मोडते. लेखात नेमका हा मधला काळ गाळला गेला आहे, म्हणून हे पत्र.

नेदरलँड्समधल्या कालवांचेच (म्हणजे ऑयस्टर या कवचधारी जिवांचेच) पाहा. १९६२-६३ चा हिवाळा इतका कडक गेला की ऊस्टरस्खेल्ड खाडीतली देशी कालवे जवळपास संपली. धंदा वाचवायला १९६४ मध्ये पॅसिफिक कालवे आणली. त्यामागचा हिशेब सरळ होता. तिथल्या गार पाण्यात ही कालवे वाढतील, विकता येतील, पण त्यांची वीण होणार नाही. दहा-अकरा वर्षे तो बरोबरही ठरला. मग १९७५ आणि ७६ चे उन्हाळे गरम गेले आणि बोटाच्या नखाएवढी पिल्ले दगडांवर, बांधांवर, एकमेकांच्या कवचांवर घट्ट चिकटलेली दिसू लागली. त्या दोन उन्हाळ्यांचे खापर हवामानबदलावर फोडणे घाईचे होईल. पण पुढे तसे उन्हाळे वरचेवर येऊ लागले आणि ‘वीण होणार नाही’ हे वाक्य कायमचे निकालात निघाले. आज नेदरलँड्सच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या उथळ वाडन समुद्रात, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात शिंपल्यांच्या जुन्या थरांवर या कालवांचे अक्षरशः खडक झाले आहेत. कवचाची कड अशी धारदार की अनवाणी पाऊल टाकायची सोय नाही. गंमत म्हणजे देशी शिंपले नाहीसे झाले नाहीत. ते कालवांच्या फटीत खाली जाऊन बसले. तिथे वाढ थोडी खुंटते, पण खेकड्यांपासून आणि पक्ष्यांपासून जीव वाचतो. परके आले की देशी मेलेच, हे गणितही दर वेळी जुळत नाही.

दुसरे उदाहरण बागेतले. दक्षिण स्वित्झर्लंडमधल्या तिचिनो भागात एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी चिनी ताड लावले गेले. पंख्यासारखी पाने, बुंध्याला काथ्यासारखे तपकिरी धागे गुंडाळलेले. मोठे झाड बर्फ सोसते. कोवळ्या रोपाला मात्र कडाक्याची थंडी मारते, म्हणून ताड कित्येक दशके बागेच्या कुंपणातच राहिला. फळे धरत होती, पक्षी ती खात होते, बिया रानात पडतही होत्या, फक्त रोपे हिवाळ्यात मरत होती. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हिवाळे सौम्य झाले आणि रोपे जगू लागली. आता तिथल्या पानगळीच्या जंगलात, ऐन हिवाळ्यात बाकी झाडे उघडी पडलेली असताना खाली ताडाची हिरवी गर्दी दिसते. १ सप्टेंबर २०२४ पासून स्वित्झर्लंडने या ताडाच्या विक्रीवर बंदी घातली. बागांतले जुने ताड मात्र आहेत तिथेच राहणार.

ही उदाहरणे अपवादात्मक नाहीत. युरोपातील २८ देशांतल्या परकीय प्रजातींची मोजदाद करून ती त्या देशांच्या आर्थिक परिस्थितीशी ताडून पाहिली गेली. आजच्या प्रजातींची संख्या २००० सालच्या आर्थिक आकड्यांपेक्षा १९०० सालच्या आर्थिक आकड्यांशी अधिक जुळली! म्हणजे आज जी दिसतात ती आजोबा-पणजोबांच्या व्यापाराची फळे. आपल्या काळात जहाजांनी, विमानांनी आणि रोपवाटिकांनी जे हलवले, त्याचे बिल अजून यायचे आहे, आणि ते येईल तेव्हा जग आजच्याहून गरम असेल.

डासाची वाट थोडी वेगळी. एडिस अल्बोपिक्टस, म्हणजे अंगावर पांढरे पट्टे असलेला ‘टायगर’ डास, १९७९ मध्ये अल्बानियात आणि १९९० मध्ये इटलीत सापडला. इटलीत तो आला जुन्या टायरांतून. मादी टायरात साचलेल्या पाण्याच्या किंचित वर, भिंतीला काळी अंडी चिकटवते. पाणी आटले तरी ती महिनोन्‌महिने टिकतात, पुन्हा पाणी चढले की फुटतात. दिवस लहान होऊ लागले की काही ठिकाणच्या माद्या हिवाळा काढणारी खास अंडी घालतात. असा प्रवासी टायरात बसला की बंदरावर कोण ओळखणार? २००७ मध्ये ईशान्य इटलीत या डासाने दोनशेच्या आसपास लोकांना चिकुनगुन्या दिला. विषाणू आणला एका प्रवाशाने, डास आणला टायरांनी. उष्णतेने फक्त डासाचा हंगाम लांबवला आणि उत्तरेची वाट मोकळी केली.

तापमान हा एकच धागाही नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात युरोप-आशियातून गेलेले चीटग्रास नावाचे गवत लवकर वाळते, लवकर पेटते आणि आगीनंतर सगळ्यांआधी उगवते. तिथले मूळचे झुडूप सावरायच्या आत पुढची आग येते. शेतातली खते नदीत उतरली की जलपर्णीचे फावते. उलट काही आक्रमकांना वाढती उष्णता सोसणारही नाही, त्यांचा मुलूख आक्रसेल. आणि जे प्राणी आपल्या पायांनी, पंखांनी थंड प्रदेशाकडे सरकत आहेत त्यांना ‘आक्रमक’ म्हणू नये, ही माझी आग्रहाची विनंती. ते घर जळते म्हणून निघालेले आहेत. त्यांना आणि टायरातून आलेल्या डासाला एकाच यादीत घालणे अन्यायाचे आहे.

जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाच्या २०२३ च्या अहवालानुसार माणसाने हलवलेल्या सुमारे ३७,००० प्रजाती नव्या ठिकाणी रुजल्या आहेत. त्यातल्या ३,५०० हून अधिक घातक ठरल्याचे पुरावे आहेत. उरलेल्यांतल्या किती निरुपद्रवी आहेत आणि किती नुसत्या थंडीने दबून आहेत, हे त्या आकड्यावरून कळत नाही. एखाद्या झाडाला परवानगी देताना ‘आजच्या हवेत तगेल का?’ एवढेच विचारले जात असेल, तर प्रश्नच चुकला. ते झाड शंभर वर्षे उभे राहणार आहे.

बागकामाच्या सदरांत नव्या रोपाची शिफारस ठरावीक शब्दांत होते: कमी पाण्यावर जगते, कीड लागत नाही, झपाट्याने वाढते. तणाचे वर्णन याहून वेगळे काय असते? अशा सदरात प्रत्येक शोभेच्या झाडाखाली दोन ओळी वाढवाव्यात: हे मूळचे कुठले, आणि याहून उष्ण प्रदेशात लावल्यावर त्याने काय केले.

आपला,
एक नियमित वाचक