कुत्र्याला विसरू नकोस

प्रिय सिस्टर,

नाव छापायचं नाही, असं तुम्ही फोनवर दोनदा बजावलंत, म्हणून नुसतं सिस्टर लिहिते. वसईत ज्यांनी तुमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात रविवारच्या सकाळी गूळ-खोबऱ्याचे पोहे खाल्ले आहेत, ते ओळखतीलच.

माझी कादंबरी अखेर छापून आली. अर्पणपत्रिकेतही तुम्ही नाव घालू दिलं नाहीत, तेव्हा आभार मानायला हे पत्रच उरलं. ते उघड लिहिते आहे, कारण देवदूतांवर गोष्ट लिहू पाहणारी सोळा-सतरा वर्षांची मुलंमुली मला भेटतात आणि मी जिथे अडकले होते, नेमकी तिथेच अडकलेली असतात.

मी ज्युनिअर कॉलेजात होते तेव्हा, 2009-10च्या सुमारास, इंग्रजीत किशोरवयीनांसाठी देवदूतांच्या कादंबऱ्यांची लाट आली होती. रक्तपिपासू नायकांचा भर ओसरत होता आणि त्यांच्या जागी पंख असलेले देखणे मुलगे आले होते. त्या सगळ्या मी अधाशासारख्या वाचल्या. पुढे स्वतः लिहायला बसले तेव्हा माझा देवदूतही तसाच उतरला: निळे डोळे, काळं जॅकेट, पाठीवर पंखांचे व्रण. नायिका वसईची, बावखलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, काठी राहणारी, आणि तिच्या प्रेमात पडलेला हा स्वर्गातून हाकललेला मुलगा. जोडीला इंटरनेटवरून उचललेलं हनोखाचं पुस्तक होतं, आपल्या बायबलात नसलेला एक जुना धर्मग्रंथ. हर्मोन डोंगरावर उतरलेले दोनशे दूत, त्यांनी मानवकन्यांशी केलेली लग्नं, त्यातून जन्मलेले राक्षसी देहाचे पुत्र. हे वाचून तुम्ही रागवाल म्हणून मी घाबरत घाबरतच बाड तुमच्या हातात ठेवलं होतं.

रागावणं राहिलं बाजूला, इथिओपियाचं ऑर्थोडॉक्स चर्च ते पुस्तक आजही पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, धरतं, हे तुम्हीच मला सांगितलंत. मग विचारलंत, त्या उतरलेल्या दूतांमधला अजाजेल माणसांना काय शिकवतो? मला आठवेना. तलवारी घडवायला आणि डोळे रंगवायला, तुम्ही म्हणालात. आणि माझ्या खलनायकाच्या वर्णनावर बोट ठेवलंत. लाल डोळे, जळका वास. "याच्याजवळ कोण जाईल?"

तीन आठवड्यांनी बाड परत आलं. प्रार्थनेच्या पुस्तकात खुणेला असते ती बोटभर पेन्सिल तुम्ही त्यावर चालवली होती. खुणा इतक्या पुसट, की कागद उजेडात तिरका धरावा लागे. दोनशे चौदा पानांत वाक्य एकच होतं, पहिल्या पानाच्या समासात: "हा कुणाचा निरोप घेऊन आलाय?"

सिस्टर, त्या एका प्रश्नाने माझी अख्खी कादंबरी कोसळली. देवदूत, देवदूत म्हणत मी दोन वर्षं लिहीत होते आणि त्यातला 'दूत' मला दिसलाच नव्हता. हिब्रूतला मलाख काय, ग्रीकमधला आंगेलोस काय, दोन्हींचा मूळ अर्थ निरोप्या. आपल्या गोवेकर मावश्या म्हणतात तो 'आंज' पोर्तुगिजांकडून आला, पण उगम तोच. आणि माझ्या नायकाकडे निरोपच नव्हता. तो नुसता सुंदर होता.

त्या संध्याकाळी कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात गवती चहा घेताना तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितलीत, ती मी तेव्हाच बिलाच्या पाठीवर टिपून ठेवली. मराठीत 'निरोप' शब्दाला दोन अर्थ आहेत. दूत एक निरोप देतो आणि मग दुसरा घेतो. त्याला थांबवून घ्यायचं नसतं. माझ्या गोष्टीतली सगळी धडपड त्याला थांबवण्याचीच होती.

मग दर शनिवारी मी येऊ लागले. तुम्ही पवित्र शास्त्र उघडायचात आणि मी लिहून घ्यायचे. यशया संदेष्ट्याने पाहिलेले सराफीम, सहा पंखांचे देवदूत. त्यातल्या दोन पंखांनीच ते उडतात, बाकीच्या चारांनी तोंड आणि पाय झाकतात. "ज्याला एवढे पंख, तोही देवापुढे तोंड झाकतो, आणि तुझा जॅकेटवाला आरशात बघतो," असं म्हणून तुम्ही हसलात. यहेज्केलने पाहिलेले चार तोंडांचे प्राणी, माणूस, सिंह, बैल आणि गरुड, आणि त्यांच्यासोबतची डोळ्यांनी भरलेली चाकं. लूकच्या शुभवर्तमानाकडे आलो तेव्हा तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावलंत. जखऱ्याला, मरियेला, मेंढपाळांना, तिन्ही ठिकाणी देवदूत म्हणतो, भिऊ नको. अर्थात समोरचा भ्यालेला आहे. माझी नायिका पहिल्या भेटीत लाजली होती. नव्या खर्ड्यात तिच्या हातातली कळशी सुटते आणि ती घराकडे पळत सुटते. ते प्रकरण एका रात्रीत झालं.

दानीएलाचा दहावा अध्याय तर तुम्ही माझ्या हातात आयताच ठेवलात. त्याची प्रार्थना पहिल्याच दिवशी ऐकली गेली होती, पण पारसाच्या, म्हणजे इराणच्या, अधिपतीने दूताची वाट एकवीस दिवस अडवून धरली आणि मीखाएल, म्हणजे आपला सेंट मायकल, मदतीला धावला तेव्हा कुठे तो पोचला. माणिकपूरच्या सेंट मायकल चर्चमध्ये मी लहानपणापासून त्याचं नाव ऐकत आलेय, त्याच्या पायाखालचा सैतान चित्रांत पाहत आलेय, पण तो कुणाची तरी अडलेली वाट मोकळी करायला धावतो, हे मला माहीत नव्हतं. उत्तर निघालंय, पण वाटेत लढाई चालू आहे आणि इथे बसलेल्या मुलीला त्याचा पत्ताच नाही! कादंबरीची आता एकवीस प्रकरणं आहेत.

खलनायकही तुमच्यामुळेच बदलला. सैतान स्वतः तेजस्वी दूताचं सोंग घेतो, असं पौलाने करिंथकरांना लिहिलंय, ती ओळ तुम्ही दाखवलीत. लाल डोळे गेले. आता तो गावातला सगळ्यांचा लाडका अंकल आहे, मुलांच्या फिया भरतो, सणाला मंडप घालून देतो, आणि रात्री बावखलात भरावाचे डंपर रिकामे होतात तेव्हा त्याचे उपकार आठवून कुणी तोंड उघडत नाही. वसईत ज्यांनी बावखलं बुजताना पाहिली आहेत, त्यांना त्याचा चेहरा मी वेगळा सांगायला नको. बावखल गेलं की विहिरीचं पाणी जातं, पानवेलीचा मळा जातो. कादंबरीतली लढाई एवढ्यासाठीच आहे, आणि सोळा वर्षांच्या मुलीला तेवढी पुरे.

नायिकेची मैत्रीण मालवणची आहे. ती राखणदाराच्या गोष्टी सांगते, रात्री काठी आपटत गावाच्या वेशीवरून फिरणाऱ्याच्या, ज्याला वर्षाची राखण, म्हणजे त्याचा मान, द्यावी लागते. मी ते भीतभीतच लिहिलं होतं. तुम्ही एकही ओळ खोडली नाहीत. फक्त शेजारी पवित्र शास्त्रातल्या तोबीतच्या पुस्तकाचा बारावा अध्याय लिहिलात. मुलाचा प्रवास संपल्यावर तोबीत आणि तो मुलगा, तोबियास, वाटेतल्या सोबत्याला आणलेल्यातला अर्धा वाटा देऊ करतात, आणि तेव्हा तो सोबती आपण देवदूत रफाएल असल्याचं सांगतो आणि दिसेनासा होतो. त्या दोघी मुलींचा राखणदार आणि रफाएल यांच्यावरचा वाद मला आता पुस्तकातला सगळ्यात जिवंत भाग वाटतो. (माझ्या एका प्रॉटेस्टंट मैत्रिणीच्या पवित्र शास्त्रात तोबीत नाही. तिने ते पुस्तक माझ्याकडून नेलं आणि एका बैठकीत संपवलं.)

आता जे तोंडावर कधी बोलले नाही, ते लिहिते.

पप्पा गेल्यानंतर दीड वर्ष मी मिस्साला, चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, आले नव्हते. तुम्हाला ठाऊक होतं. दर शनिवारी मी तुमच्या समोर बसत होते आणि रविवारी चर्चमध्ये नव्हते, पण तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मीच एकदा भडकून म्हणाले होते, की एवढे पंख, एवढे डोळे, मग आमच्या घरी कुणीच का आलं नाही? तुम्ही उत्तर दिलं नाहीत. ग्लास बाजूला सारलात आणि लूकचा बाविसावा अध्याय काढून पुस्तक माझ्याकडे फिरवलंत. जैतुनाच्या डोंगरावर येशू प्रार्थना करतोय, हा प्याला माझ्यापासून दूर कर म्हणून. आणि स्वर्गातून एक देवदूत येतो, त्याला बळ देतो. मी पुढचं वाचलं, परत मागचं वाचलं. देवदूत आला, पण प्याला टळला नाही.

मी खूप वेळ रडले. तुम्ही उठून गॅस बंद केलात आणि परत येऊन बसलात.

पप्पांच्या शेवटच्या रात्री वॉर्डातल्या एका मावशीने न सांगता माझ्या अंगावर स्वतःची शाल टाकली होती. सकाळी ती ड्युटी संपवून गेलेली होती. ती कोण होती, हे मी ठरवायला जात नाही. पण अठराव्या प्रकरणात ती शाल आहे, आणि त्या प्रकरणानंतरच्या रविवारी मी सकाळी सातच्या मिस्साला मागच्या बाकावर येऊन बसले होते. तुम्ही पुढे होता. वळून पाहिलं नाहीत, त्याबद्दलही आभार.

एका प्रकाशकाने हे हस्तलिखित, मराठी मुलांना हा विषय परका वाटेल, म्हणून परत केलं, तेव्हा तुम्ही मला फादर स्टीफन्सची आठवण करून दिलीत. इंग्लंडचा माणूस, 1579 मध्ये गोव्याला उतरला आणि 1616 मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं, मराठी ओव्यांत. चारशे वर्षं झाली, अजून परका कसा? पुढच्या पत्रात मी हेच लिहिलं, आणि दुसऱ्या ठिकाणी पुस्तक स्वीकारलं गेलं.

शेवटच्या खर्ड्यावर तुमची एकच खूण होती: "कुत्र्याला विसरू नकोस." तोबियाससोबत रफाएल निघतो तेव्हा त्यांच्यामागे एक कुत्रा निघतो. कुठला, कशासाठी, काही सांगितलेलं नाही. माझ्या कादंबरीतही मी कुत्र्याला सहाव्या प्रकरणात आणून सोडून दिलं होतं. तुम्ही मला संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरातली ओळ सांगितलीत. परतीच्या वाटेवर कुत्रा पुढे धावतो आणि एखादा दूतच आल्यासारखा, शेपूट हलवत, आनंद करतो.

म्हणून एकविसाव्या प्रकरणात देवदूत येतच नाही, सिस्टर. पहाट झालीय, डंपर परत गेलेत, बावखलाच्या काठावर चिखल आहे, आई ओट्यावर बसून वाटेकडे बघतेय, आणि चिखलाने माखलेला तो कुत्रा कोपऱ्यावरून वळून तिच्याकडे पळत येतो.

पुस्तकाच्या दोन प्रती पोस्टाने पाठवल्या आहेत. एकीवर पेन्सिल चालवा आणि परत धाडा.

तुमची,
शनिवारची विद्यार्थिनी