खिशातल्या बेल्स परत आणा, काका

काका,

नाव लिहीत नाही. मागे बॅनरवर 'मार्गदर्शक' म्हणून तुमचं नाव छापलं, तर तुम्ही शिडी मागवून बॅनरच उतरवायला निघाला होतात. म्हणून नुसतं काका. नाशकात पाथर्डी फाट्यापासून सिडकोपर्यंत संध्याकाळी टेनिस बॉल खेळणाऱ्या कुणालाही हे पत्र कोणासाठी आहे ते कळेल.

गुडघ्यामुळे यंदा आपल्या लीगला यायला जमणार नाही असं तुम्ही कळवलंत. त्या रात्री मी मॅचचं वेळापत्रक, म्हणजे फिक्स्चर, लावायला बसलो आणि दुसऱ्याच ओळीला अडलो. अंबडच्या कंपन्यांमधल्या पोरांच्या दोन टीम आहेत, त्यांची कोणत्या आठवड्यात सेकंड शिफ्ट असते हे तुमच्या डोक्यात असायचं. मी पहिल्या वर्षी त्यांना सलग दोन मॅचना सातच पोरांनिशी उतरवलं होतं आणि वर 'टीम पूर्ण आणायची जबाबदारी कॅप्टनची' असं सुनावलं होतं. तुम्ही मला काहीच बोलला नाहीत. फक्त शिफ्टचा कागद मागून घेतलात आणि त्यावर पेन्सिलीने खुणा केल्यात.

तुम्ही पहिल्यांदा मैदानावर आलात तो डिसेंबर होता. आम्हाला वाटलं कुणी फिरायला आलेले गृहस्थ मॅच बघताहेत. हात मागे बांधून तुम्ही कंपाउंडपाशी उभे होतात आणि तुमचा पहिला प्रश्न होता, "ही वायर कुणी टाकली?" मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, "मीच." एक्स्टेन्शन बोर्ड गवतात पडलेला, दोन ठिकाणी काळी टेप गुंडाळलेले जॉइंट, आणि लाइट लोखंडी पाइपांवर. आपल्याकडे डिसेंबरात आठ वाजले की गवत ओलंचिंब होतं. बॉल जड होतो, हातातून निसटतो, सेकंड बॉलिंग करणारी टीम बोंबलते. एवढंच दवाबद्दल आम्हाला माहीत होतं. तुम्ही वाकून गवतावरून हात फिरवलात, ओला तळवा माझ्यासमोर धरलात आणि म्हणालात, "हे पाणीच आहे ना रे?"

आयुष्यभर खांबावर चढलेले वायरमन तुम्ही. तुम्ही मॅच थांबवायला लावलीत. आमच्याशी ओळख नाही, पाळख नाही! दुसऱ्या संध्याकाळी स्वतःची पिशवी घेऊन आलात. पाइपांना अर्थिंग झालं, जॉइंट जमिनीवरून उचलून झाकणाच्या डब्यात गेले, आणि बोर्डावर 30 मिलीॲम्पियरची ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसली. तेव्हापासून टॉसच्या आधी तिचं टेस्टचं बटण दाबायचं, सगळे लाइट गेले पाहिजेत, मग पुन्हा चालू करून टॉस. पहिल्या आठवड्यात कॅप्टन लोक कुरकुरले. आता ते बटण कुणी दाबायचं यावरून बारकी पोरं भांडतात.

पाइपांना बांधलेल्या गाद्यांवरून आम्ही हसलो होतो हे कबूल करतो. तुमच्या घरच्याच होत्या त्या, लाल फुलांच्या. काकूंनी काय ऐकवलं असेल ते असो. पुढच्याच महिन्यात डीप मिडविकेटचा फिल्डर वर बघत धावत थेट त्या फुलांवर आदळला. उठला, कॅच सुटला म्हणून स्वतःलाच शिव्या दिल्या आणि जागेवर गेला. बाउंडरीची दोरी पाइपांच्या आत तीन मीटर आणा असं तुम्ही सांगत होतात, ते आम्ही त्या दिवशी ऐकलं.

गेटचा नियमही तुमचाच. गेटसमोर बाइक लावली तर त्या टीमचा टॉस गेला. स्कोअरबुकच्या पुठ्ठ्यावर तुम्ही अँब्युलन्सचा 108 नंबर आणि मैदानाचा पत्ता खुणेसकट लिहून ठेवलात. घाबरलेल्या माणसाला रोजचा पत्ताही नीट सांगता येत नाही, असं तुमचं म्हणणं.

आता जरा लाजिरवाणी गोष्ट. साखळी संपली तेव्हा चौथ्या जागेसाठी दोन टीमचे पॉइंट सारखे होते. मी एक्सेलमध्ये नेट रन रेट (ओव्हरमागे केलेले वजा दिलेले रन) काढला, ग्रुपवर टाकला आणि झोपलो. रात्री पावणेबाराला तुमचा फोन. "सहा चेंडूंची ओव्हर असते, दहाची नाही." मला काही कळेना. तुम्ही समजावलंत: एका टीमने 72 रन 7.4 ओव्हरमध्ये केले होते. मी सरळ 72 भागिले 7.4 केलं, आले 9.73. पण 7.4 म्हणजे सात ओव्हर चार चेंडू, म्हणजे 46 चेंडू, आणि खरा रेट 9.39. वर आणखी एक घोळ. दुसऱ्या मॅचला तीच टीम 41 रनमध्ये 6.1 ओव्हरला ऑल आउट झाली होती. ऑल आउट झालेल्या टीमच्या पूर्ण ओव्हर धरायच्या असतात, आपल्या लीगमध्ये आठ. मी 6.1 नेच भागलं होतं. म्हणजे लवकर गारद झाल्याचं मी त्यांना बक्षीसच दिलं होतं.

चौथी टीम पाचवी झाली. ती टीम माझीच होती हे ग्रुपवर कुणी बोललं नाही, पण मनात सगळ्यांच्या आलं असणार. मी म्हणालो, "काका, सकाळी बघू." तुम्ही म्हणालात, "सकाळी पोरांनी मॅचसाठी सुट्टी टाकलेली असेल. आत्ता लिही." रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी मी माफी मागितली. तेव्हापासून आपल्या शीटमध्ये ओव्हरचा रकानाच नाही, नुसते चेंडू.

त्याच हिवाळ्यात बॅटिंग टीमचाच अंपायर ही गल्लीची पद्धत बंद झाली. ज्यांची मॅच नाही त्या टीमचे दोघं उभे राहायचे, आणि स्कोअर दोघांनी लिहायचा. इनिंग संपली की बॅट्समनचे रन अधिक एक्स्ट्रा एकीकडे, बॉलरांनी दिलेले रन अधिक बाय आणि लेग बाय दुसरीकडे, आकडे जुळले तरच सही. एकदा तीन रन जुळेनात तेव्हा तुम्ही दोन्ही स्कोअररना मोबाईलच्या टॉर्चखाली बसवून चेंडू चेंडू वाचायला लावलं होतं. एक वाइड आणि त्यावर पळून काढलेले दोन रन, तीनही एका वहीत बाय म्हणून गेलेले. प्रेक्षक घरी गेले, पण भांडण झालं नाही.

त्या नॉन-स्ट्रायकरच्या रन आउटवरून मात्र झालं होतं. बॉल सुटायच्या आत बॉलरकडच्या टोकाचा पोरगा दोन पावलं पुढे, बॉलरने स्टंपवरच्या बेल्स उडवल्या, तुम्ही बोट वर केलंत आणि मैदान पेटलं. "चीटिंग आहे", "वॉर्निंग द्यायला पाहिजे होती." विनू मांकड यांनी 1947 मध्ये सिडनीत बिल ब्राउनला असंच बाद केलं, तेव्हापासून या बिचाऱ्या आउटला बदनामी चिकटली आहे. तुम्ही शांतपणे सांगितलंत की क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीने ऑक्टोबर 2022 पासून हा नियम 'अनफेअर प्ले'मधून काढून साध्या 'रन आउट'मध्ये नेला, आणि वॉर्निंगची अट नियमात नाहीच. मला अजूनही ते आउट मनापासून पटत नाही, खरं सांगतो. पण कुणालाही एकच माप, यावर बोलायला जागा नव्हती.

आणि बेल्स. तुम्ही यायच्या आधी आम्ही बिनबेल्सचेच खेळायचो, बॉल स्टंपला चाटून गेला की नाही यावर तासभर वाद. तुम्ही अंबडच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर सागवानी बेल्स करून आणल्यात, मापात, 10.95 सेंटीमीटर. जरा जड, वाऱ्याने न पडणाऱ्या.

ज्या दिवसासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्यावर आता येतो. मे महिना, सेमीफायनल, सात चेंडूंत अकरा रन, स्ट्राइकवर आमचा सगळ्यात जोरदार हात. पांडवलेणीच्या डोंगरामागे आभाळ काळं झालं होतं, पण पावसाचा थेंब नव्हता. एकदा गडगडलं. तुम्ही स्क्वेअर लेगवरून चालत आलात, बेल्स उचलून शर्टाच्या खिशात टाकल्यात आणि म्हणालात, "सगळे बाहेर."

मी धावत आलो. काय काय बोललो ते तुम्हाला आठवत असेल, मला आठवतं. पाऊस नाही, सात चेंडू, दहा मिनिटं. तुम्ही म्हणालात, "गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज इथपर्यंत पोहोचू शकते. चारी बाजूंनी लोखंडी पाइप रोवलेत आपण." लाइट बंद करवलेत. पोरं सवयीने लिंबाच्या झाडाखाली जमली, तिथून ओरडून हाकललंत. कुणी गाड्यांत बसलं, बाकीचे शेजारच्या शाळेच्या इमारतीत. शेवटचा गडगडाट झाला की तिथून अर्धा तास, असा तुमचा हिशेब. दर वेळी गडगडलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. चार वेळा शून्यावर गेलं. माझा पोरगा, तेव्हा नऊ वर्षांचा, तुमच्या शेजारी बसून मोजत होता.

त्या रात्री आपल्या मैदानावर वीज पडली नाही. पाऊससुद्धा धड झाला नाही. दहा वाजून गेल्यावर मॅच दुसऱ्या दिवशी ढकलली, आमचा जोरदार हात सेकंड शिफ्टला गेला आणि आम्ही चार रननी हरलो. मी तुमच्याशी तीन आठवडे नीट बोललो नाही.

आभार मानायचे तर दाखवायला काही लागतं. तुमच्या बाबतीत माझ्याकडे काहीच नाही. शॉक बसला नाही, डोकं फुटलं नाही, वीज पडली नाही. त्यामुळेच हे पत्र इतकं लांबलं. गेल्या महिन्यात सरावाला गडगडलं, तेव्हा माझ्या पोराने कुणालाही न विचारता स्टंप उपटले आणि सगळ्यांना शाळेच्या इमारतीत नेलं. मी बॅट घेऊन मैदानात तसाच उभा. मलाही हाक मारली त्याने, "बाबा, झाडाखाली नको."

फिक्स्चर पेन्सिलीने लावलंय, शिफ्टचा कागद सोबत ठेवलाय. रविवारी सकाळी घेऊन येतो, तुम्ही खुणा करा. येताना मिसळ आणतो, काकूंना पोहे करू नका म्हणावं. आणि त्या सागवानी बेल्स तुमच्याच शर्टाच्या खिशात राहिल्यात बहुतेक. नव्या आणल्यात, पण जरा वारा आला की पडतात.

तुमचा,
लीगचा हिशेब ठेवणारा (आता चेंडूंत)