‘डाव’ म्हणजे नेमका कोणता?

संपादक महोदय,

नियम बदलणे हीच ज्यातली चाल असते, त्या ‘नॉमिक’ या खेळाची ओळख करून देणारा लेख पुरवणीत आला, छान झाले. पण ‘नियमाच्या अर्थावरून वाद झाल्यास बहुमताने निकाल लागतो’ हे त्यातले विधान चूक आहे. खेळाचे जनक पीटर सबर यांच्या १९८२च्या मूळ नियमांत मतदान होते ते मुख्यतः नियम बदलण्यासाठी. अर्थ लावायचे काम २१२व्या नियमाने न्यायाधीशाकडे सोपवले आहे, आणि न्यायाधीश म्हणजे ज्याची पाळी चालू आहे त्याच्या लगेच आधी खेळलेला, उजव्या हाताला बसलेला गडी.

समजा, पाच जण खेळताहेत आणि ३०१वा नियम मंजूर झाला: ‘दर डावाला प्रत्येकाला ५ गुण मिळतील.’ डाव म्हणजे एकाची पाळी धरली, तर फेरीला प्रत्येकी २५ गुण. डाव म्हणजे अख्खी फेरी धरली, तर पाचच. जिंकायला १०० लागतात, म्हणजे फाशाचे गुण सोडले तर खेळ चार फेऱ्यांत आटोपणार की वीस, हे या एका शब्दावर आले. (पत्त्यांतला डाव वेगळा, क्रिकेटमधला वेगळा, ते आणखी निराळेच.) न्यायाधीशाने आधी चालू नियम बघायचे, ते गप्प किंवा संदिग्ध असतील तर खेळातली रूढी आणि खेळाचा आशय, इतर निकष त्यानंतर. मूळ नियम मराठीत उतरवताना सगळीकडे ‘पाळी’ लिहिले असेल, तर ‘डाव’ म्हणजे दुसरे काहीतरी, हा युक्तिवाद मला भक्कम वाटतो.

निकाल फिरवायचा तर उरलेल्या चौघांचे एकमत हवे, तेही पुढची पाळी सुरू व्हायच्या आत. त्या चौघांत निकालाने फायदा झालेला एखादा असतोच, त्यामुळे ते क्वचित जमते. उलट, नव्या न्यायाधीशावर जुना निकाल बंधनकारक नाही. प्रश्न मिटला असे धरून चालावे, तर दोन पाळ्यांनी तोच शब्द उलटा फिरतो.

दुरुस्ती मांडता येते, पण पहिल्या दोन फेऱ्यांत तिलाही एकमत लागते. प्रस्ताव पडला की मांडणाऱ्याचे १० गुण गेले. मंजूर झाला तरी तो मागे जाऊन लागू होत नाही, वाटलेले गुण तसेच राहतात. म्हणून १११व्या नियमाने मतदानाआधी मिळणाऱ्या चर्चेतच ‘डाव की पाळी?’ असे विचारून घ्यावे.

आणि शब्द संदिग्ध दिसला रे दिसला की २१३व्या नियमावर बोट ठेवून ‘मी जिंकलो’ म्हणणारेही भेटतात. खेळ असा अडला की ज्याला आपली पाळी आधी पूर्ण करता येत नाही तो जिंकतो, असा तो नियम; पण त्याला नुसती अस्पष्टता चालत नाही. पुढे खेळणेच अशक्य व्हावे लागते, चालीची वैधता कायमची ठरवता येऊ नये लागते, किंवा न्यायाधीशाला पुरता विचार करूनही चाल वैध आणि अवैध सारखीच वाटावी लागते.

– एक वाचक, पुणे